मृताची जुळणी

फिडलची ती काळी खुंटी अंगठ्याखाली किंचित कुरकुरली, आणि जाड तारेचा सूर खोल उतरत गेला… अजून थोडा… पुरे. केंटकीच्या या डोंगरांत जाड तार उतरवलेल्या या जुळणीला मृताची जुळणी म्हणतात; रॅन्समची धून हिच्यावाचून कुणी वाजवीत नाही. समोर घराण्याची दफनभूमी – तण खरवडून स्वच्छ केलेली थडगी, त्यांवर मेणात बुडवलेली कागदी फुले – आणि टोप्या हातांत घेऊन उभे असलेले सारे आप्त. थडगी सजवण्याच्या या दिवशी दरवर्षी डेल्फियाचे वडील आधी धुनेची कथा सांगत, मग धून वाजवीत. वडील यंदाच गेले; आता तो मान तिचा.

कथा सर्वांना मुखोद्गत होती. ओढ्याला पूर आला, तिचा थोरला भाऊ रॅन्सम वाहून गेला, आणि त्याच पहाटे वडिलांच्या गजातून ही धून जन्मली.

पण परवा वडिलांचे फिडल पुसताना, तार न उतरवता, तीच धून तिने सहज द्रुत लयीत वाजवली – आणि लहानपणीच्या एका आठवणीत स्वयंपाकघराच्या लाकडी जमिनीवर बूट दणाणले. घामाघूम, हसणारा, जिवंत रॅन्सम! मग ही धून त्याच्या मरणाआधीची? पुत्रशोकासाठी वडिलांनी केवळ एक तार उतरवली?… की हे स्मरणच खोटे, एका अजाण पोरीने मागाहून रचलेले?

“काय गं डेल्फी, उभ्या उभ्या झोपलीस की काय?” खुर्चीतून आयसी आत्या खेकसली. “कोंबडी गार होतेय तिकडे!”

डेल्फिया तिच्या कानाशी वाकली. “आत्या, रॅन्सम या धुनेवर नाचायचा का गं?”

“नाचायचा म्हणजे! फळी मोडली मेल्यानं, तुझ्या आईनं लाटणं घेऊन अंगणभर पळवला त्याला.” आत्या हसली, मग एकाएकी तिचे ओठ मिटले. “पण आत्ता नको ते. लोक रडायला आलेत, बाई.”

डेल्फिया ताठ उभी राहिली. ‘त्या पहाटे…’ हे शब्द जिभेवर आले आणि तेथेच थिजले.

“ही रॅन्समची धून,” एवढेच ती म्हणाली.

गज संथ चालू लागला. प्रत्येक चरणाअंती वडील क्षणभर थांबत. तो हुंदका, असे ती जन्मभर समजत आली होती. आज तेथे पोहोचताच तिला जाणवले, ती जागा बरोबर नाचाच्या दोन पावलांएवढी आहे… तिने ती रिकामी सोडली. कोणासाठी – शोकासाठी की नाचणाऱ्यासाठी – हे तिचे तिलाच उमगेना; आणि वडिलांना तरी ते कधी उमगले होते का, याची खात्री आता तिला वाटेना.