पहिल्या रांगेतली करकर

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. औषधांच्या दुकानावर एक छोटं सभागृह आहे, त्याच्या पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी ती मी. आम्हा साठ बहिणींना एका डावखुऱ्या सुताराने घडवलं. मला त्याने तीनदा उलटं करून पाहिलं, अंगठ्याने सांधे दाबले आणि म्हणाला, "ही मला पुरून उरेल." उरले. मागच्या रांगांत आता प्लॅस्टिकच्या आल्या आहेत. कार्यक्रम संपला की एकमेकींच्या मांडीवर चढून झोपतात. त्यांच्याविषयी मी बोलत नाही.

भाषणं, बक्षीस समारंभ, शाळांची नाटकं, सगळं मी पाहिलं. त्यातून एकच गोष्ट शिकले. माणसाचा चेहरा खोटं बोलतो, बूड खोटं बोलत नाही. वरून 'वा, वा' करत डोलणारा माणूस खालून कसा सरकत असतो, ते मलाच ठाऊक.

एकदा पडदा लावायला एक आडदांड माणूस बुटांसकट माझ्यावर चढला. तेव्हापासून माझा मागचा पाय ढिला झाला आणि मी करकरू लागले. अकरा वर्षांत कुणी खाली वाकून पाहिलं नाही. "म्हातारी कुरकुरते," म्हणून हसले मात्र सगळे.

मग दर रविवारी दुपारी ते तिघं येऊ लागले. एक पियानोवाला, एक ड्रमवाला आणि एक बासवाला. बास म्हणजे माणसाहून उंच, पोटाशी धरून वाजवायचं तारांचं वाद्य. ते जॅझ वाजवत आणि ब्ल्यूज वाजवत. गाणारं कुणी नाही. ब्ल्यूजला लोक रडगाणं समजतात. अहो, रडून झाल्यावर तोंड धुऊन आलेला माणूस जसा बोलतो ना, तसं ते असतं. मला पहिल्याच दिवशी कळलं. मी तर लाकूड.

आणि माणसं? एक बाई कुरकुरीत पाकीट उघडायची, तेही बास हळू वाजत असताना. एकजण फोन समोर धरून सगळा कार्यक्रम त्या चौकोनातून बघायचा. एका काकांचा पाय ठेका धरायचा, पण कुठल्या गाण्याचा ते त्यांनाच माहीत. आणि सगळ्यांचा पुढारी म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतला मफलरवाला. जॅझमध्ये एकाचं एकट्याचं वाजवून झालं की मध्येच टाळी द्यायची रीत आहे. मफलरवाला टाळी द्यायचा आणि मागून सगळे द्यायचे. मी त्याच्यावर नजर ठेवली. हा मनुष्य काही ऐकत नव्हता! वाजवणाऱ्याने हात थांबवला की हा टाळी वाजवायचा. मेंढपाळच बहिरा, मग कळपाला काय बोलायचं!

मध्यंतरात चहाला गेलेले अर्धे लोक परत येत नसत. शेवटी व्यवस्थापकाने तिघांना माझ्यासमोरच सांगितलं, "आज मध्यंतरानंतर निम्मी खोली भरलेली दिसली पाहिजे. नाहीतर पुढच्या रविवारपासून इथे वजन घटवायचा वर्ग. तेवढीच खोली मोकळी होईल, या खुर्च्याही जातील माळ्यावर."

माळ्यावर! ड्रमवाल्याचा चेहरा उतरला. त्यात त्याची सासू त्या दिवशी पहिल्यांदाच येणार होती.

ती आली आणि नेमकी माझ्यावर बसली. ठणठणीत बाई. पहिली गत संपेपर्यंत गप्प होती, मग लेकीला कोपर मारून म्हणाली, "गाणारी कधी यायची गं?"

"आई, गाणारी नसते यांच्यात. नुसतं वाजवतात."

"मग तिघांना तोंडं कशाला दिलीत?"

"हळू बोल ना!"

"हळूच बोलतेय. जावई ढोल बडवतो म्हणून माझं काय तोंड शिवलंय?"

बाई मला आवडली. पण जरा वेळाने तिचं बूड स्थिर झालं. खरंच सांगते, तसूभर हललं नाही.

बासवाला एकटा वाजवत होता. हळू, आणखी हळू, आणि मध्येच थांबला. बोटं तारेवर तशीच. संपलं नव्हतं. तो थांबणंच वाजवत होता. आणि मफलरवाल्याने काय करावं? धडाधड टाळ्या! मागून सगळ्यांच्या टाळ्या. मध्यंतर झालं समजून लोक उठले. व्यवस्थापक दारात उभाच होता, डोकी मोजायला. झालं, म्हटलं, निघाले आपण माळ्यावर.

तेवढ्यात सासूबाई गर्रकन मागे वळल्या.

"अहो, बसा की! जेवताना माणूस घोटभर पाण्याला थांबला तर त्याचं ताट उचलता का तुम्ही? जावयाच्या हातात काड्या आहेत अजून! दिसत नाही?"

त्या वळल्या तशी मी करकरले. अकरा वर्षांत करकरले नसेन एवढी. सगळं सभागृह गप्प झालं. आणि बासवाल्याने, माझ्याकडे पाहत, तारेवर तीच करकर काढली. हुबेहूब! सासूबाई दचकून हलल्या, मी पुन्हा करकरले. आता पियानोने उत्तर दिलं. लोक हसले, बसले, आणि पुढची करकर कधी येते म्हणून कान टवकारून राहिले. म्हणजे पहिल्यांदा ऐकू लागले. कशासाठी का असेना. मध्यंतरानंतर व्यवस्थापकाने दोनदा डोकी मोजली, दोन्ही वेळा निम्म्याहून जास्त भरली. माळा टळला.

शेवटी जावई घाबरत घाबरत समोर आला. "कसं वाटलं, आई?"

"बरं वाजवता. पण ते मधलं गप्प राहणं होतं ना, ते जास्त बरं होतं." मग त्या वाकल्या आणि माझा पाय हलवून पाहिला. "आणि हिच्याकडे बघा कुणीतरी. चांगल्या घरची आहे."

दुसऱ्या दिवशी एक तरणा सुतार आला. दोन स्क्रू, थोडा गोंद. अकरा वर्षांचं दुखणं चहा निवायच्या आत गेलं.

पुढच्या रविवारी सासूबाई पुन्हा माझ्यावरच बसल्या. बासवाला त्याच जागी थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. सासूबाईही मुद्दाम डावीउजवीकडे हलल्या. पण माझ्याकडे आता द्यायला काही नव्हतं. मफलरवाल्याचे हात वर आले. सासूबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हात गुडघ्यांवर परत गेले. कुणी खोकलंसुद्धा नाही. अख्खी खोली त्या थांबण्यात बसून राहिली, आणि मग बासवाल्याने पुढचा सूर लावला.

मित्रांनो, खुर्चीवर बूट घालून चढू नका, तिचा पाय हलला तर वाकून बघा. मला नीट करायला दोन स्क्रू पुरले. तुम्हाला किती लागतील, ते तुमचं तुम्ही बघा.