कोपरा पिकवणारी थापी

ओल्या कोब्यावर बूट घालून चालणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मित्रांनो, मी कोबा, म्हणजे चुन्याची जमीन, बडवून पक्की करणारी एक जुनी बाभळीची थापी आहे. माझी ही तक्रार आधी ऐका, जन्माची गोष्ट मागाहून.

तो माणूस म्हणजे उत्तमराव ओव्हरसियर. अमरावतीच्या बाहेर, माळावर, शहराचं घाणपाणी साफ करायचे मोठे हौद बांधणं चाललं होतं. हे साहेब रोज यायचे, घड्याळ बघायचे आणि आम्ही बडवलेल्या कोब्यावर बुटांचे ठसे उमटवून जायचे. शिकलेला माणूस हो!

मला तिवश्याच्या डोमाजी सुताराने घडवलं. कोबा बडवणाऱ्या मनकर्णाबाईच्या हाती आले आणि माझं भाग्य उजळलं. घरांच्या गच्च्या, धर्मशाळेचं अंगण, सगळीकडे माझी वाहवा! मग सिमेंट आलं. मी दोन वर्षं कडब्याच्या ढिगामागे पडून होते. एकदा तर सुनेने, ललिताने, मला चुलीत घालायला उचललं होतं. मनकर्णाबाई कडाडली, "ठेव खाली! माह्या हाताचं हाड हाय ते!"

पण सिमेंटाला परवाना लागे, तो काही वेळेवर मिळेना. म्हणून हौदाचा तळ चुन्याच्या कोब्याचा करायचं ठरलं आणि आमची आठवण झाली. चुना, विटांचा चुरा, वर गुळाचं नि बेलफळाचं पाणी. मुंग्यांची तर चैनच झाली! वीस बाया ओळीने उकिडव्या बसून मागे मागे सरकत बडवायच्या आणि गाणं म्हणायच्या:

"टोपवाला साहेब आला वं बाई,
त्याले जेवाचीबी सवड नाई!"

कोबा कच्चा असला की थापी भदभद वाजते. पिकला की टणटण वाजते नि हातात उडी घेते. तिसऱ्या दिवशी सगळा तळ टणकला, पण उतारावरचा कोपरा भदभदच राहिला. त्या कोपऱ्यापासून वीस पावलांवर मनकर्णाबाईच्या वस्तीची विहीर. हौद पाझरला तर शहराची घाण थेट घागरीत!

उत्तमराव म्हणाले, "बाई, पुरे करा. शनिवारी नागपूरहून मोठे साहेब येणार. आज पाणी सोडायचं."

"कोपरा कच्चा हाय, साहेब. आवाज आइका."

"आवाजावर हौद बांधतात का?"

"तं मंग सोडा पानी," म्हणत मनकर्णाबाई कोपऱ्यातच मांडी घालून बसली. "आमी पोहून घेऊ. ललिते, बस वं!"

ललिता बसली. वीसच्या वीस बाया बसल्या. उत्तमराव घड्याळ बघत राहिले. पाणी काही सुटलं नाही, बडवणं काही थांबलं नाही.

शनिवारी मोठे साहेब आले. त्यांना दिसल्या खड्ड्यात गाणाऱ्या बाया. "हे काय चाललंय?" मनकर्णाबाईने मलाच साहेबांच्या हाती दिलं. "तुमीच पाहा, बापू."

साहेबांनी मध्ये ठोकलं. टण! कोपऱ्यात ठोकलं. भद!

"पुरं होऊ द्या," ते एवढंच म्हणाले.

आणखी दोन दिवस बडवलं, तेव्हा कोपरा टणकला. मग आठवडाभर ओल्या पोत्यांखाली मुरवला, हौद भरला आणि पाण्याच्या पातळीला भिंतीवर कोळशाने रेघ मारली. तीन दिवसांनी पाहिलं, तर पाणी रेघेवरच! बाया टाळ्या पिटत नाचल्या.

मित्रांनो, हत्याराला काम झाल्यावर धुऊन पुसून ठेवा. आणि कच्च्याला पिकलेलं म्हणू नका, मग दारात कोणी का येईना.

नाचणाऱ्या बायांसमोर उत्तमराव मिशीवर ताव देत म्हणाले, "मी म्हणतच होतो, घाई कामाची नाही!"

मनकर्णाबाईने पदर खोचला आणि सगळ्यांदेखत त्यांना ऐकवलं, "तुमी घाई सोडली नाही, साहेब. आमी कोपरा सोडला नाही. म्हनून पानी जागच्या जागी हाय!"