हेडमास्तरांचे नवे कान

नवी सिस्टर मेडिसिन वॉर्डातून प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात आली. हात हलका होता तिचा. सुई कधी गेली ते कळत नाही, असं पेशंट सांगायचे. वांधा होता तोंडाचा. मनात आलं की ते तोंडावर उमटलंच.

मेट्रनने तिला ड्रेसिंग रूममध्ये समोर उभं केलं.

"इथे पट्टी सुटली की पेशंट आधी आरशात बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतो. नाक सुजलेलं असतं, डोळ्यांखाली काळंनिळं असतं. पुढे सगळं छान बसतं, पण त्या क्षणी तू नुसतं 'अगंबाई' म्हणालीस तरी तो आडवा होईल. म्हणून कोरा चेहरा. हसायचं नाही, दचकायचं नाही, कीव करायची नाही."

मेट्रनचा स्वतःचा चेहरा असा कोरा होता, की ती रागावली आहे की तिला शिंक येते आहे, हे सर्जननाही ओळखता येत नसे.

सराव सुरू झाला. नवी सिस्टर ट्रॉली लावत असली की मेट्रन मागून येऊन सांगे, "तुझ्या घराला आग लागली आहे." सिस्टर किंचाळे. "नापास." एकदा मेट्रन नाकावर कापसाचा भला मोठा बोळा चिकटवून राउंडला आली आणि गंभीरपणे सगळ्यांचं ब्लडप्रेशर विचारत फिरली. सिस्टरने तोंड दाबलं, पण हसू नाकातून फिस्सकन बाहेर पडलं. "नापास."

घरी येऊन ती सासूबाईंपाशी रडली.

"एवढंच ना?" सासूबाई म्हणाल्या. "मी घेते तुझी तयारी."

आणि त्यांनी ती अशी काही मनावर घेतली की विचारू नका. डोक्यावर चाळणी, हातात दोन झाकणं, अशा अवतारात त्या स्वयंपाकघरातून झांजा वाजवत बाहेर येत. मुलगा कामावरून घरी आला तेव्हा आई स्टुलावर उभी राहून कोंबड्यासारखी आरवत होती आणि बायको समोर लाकडासारखी बसली होती. त्याने बूट काढले, "जेवायला अजून वेळ आहे वाटतं," म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला.

शेवटी जमलं. सासूबाईंनी काय वाट्टेल ते केलं तरी सुनेच्या तोंडावरची रेष हलेना. मग सासूबाईच हिरमुसल्या. "म्हणजे आता माझं काहीच आवडत नाही तुला," म्हणून त्या चाळणी काढून झोपायला गेल्या.

पट्टी सोडायला तिला पहिले मिळाले ते एक निवृत्त हेडमास्तर. त्यांचे कान लहानपणापासून सुपासारखे बाहेर आलेले. पोरांनी त्यावरून जन्मभर चिडवलं होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी मनाचा हिय्या करून ते मागे बसवून घेतले होते.

मेट्रन आणि सर्जन बाजूला उभे होते. सिस्टरने डोक्याभोवतीचा बँडेजचा वेढा हळूहळू सोडला. कान सुजून जांभळे झाले होते, पण बसले होते झकास. सिस्टर कोरी.

"काय झालं?" हेडमास्तर म्हणाले.

"काही नाही."

"एक कान गेला का?"

"दोन्ही आहेत."

त्यांनी मेट्रनकडे बघितलं. भिंत. सर्जनकडे बघितलं. तेही मेट्रनच्याच हाताखाली तयार झालेले. हेडमास्तरांनी घाबरून कानाला बोट लावलं. अशा ऑपरेशननंतर कान काही दिवस बधिर असतो, हे त्यांना आधी सांगितलं होतं. पण आता ते कुठलं आठवायला!

"बोटाला कान लागतोय, पण कानाला बोट लागत नाही!" ते ओरडले. "हे रबराचे आहेत!"

आरडाओरडा ऐकून बाहेर थांबलेली त्यांची बायको धावत आत आली. तिने खोलीभर नजर फिरवली, हेडमास्तरांना "जरा सरका हो," म्हणाली आणि पडद्यामागे बघितलं. मग बाथरूममध्ये डोकावली.

"आमचे हे कुठे आहेत?"

"अगं, मी इथे आहे!"

ती वळली. बराच वेळ निरखून बघत राहिली. "आवाज त्यांचाच आहे," ती सर्जनना म्हणाली. "पण इतकी वर्षं मी गर्दीत ह्यांना कानांवरून शोधते. हे कोणीतरी दुसरेच दिलेत तुम्ही मला."

"विचार काय विचारायचं ते," हेडमास्तर चिडून म्हणाले.

"आपल्या लग्नाची तारीख?"

भीतीने म्हणा की ऑपरेशनच्या धक्क्याने म्हणा, त्यांनी ती दिवस, महिना, वर्षासकट धाडकन सांगितली.

बाई मटकन खुर्चीत बसली. "बघा! आमच्या ह्यांना ती कधीच सांगता आलेली नाही."

सिस्टरने ओठ चावला, छताकडे बघितलं, आगीची आठवण काढली. काही उपयोग झाला नाही. तिला हसू फुटलं ते असं, की हातातली वाटी खाली पडून खोलीभर गरगरत गेली. ती डोळे पुसत भिंतीला टेकली. तिला बघून सर्जनचे खांदे हलायला लागले. आणि हेडमास्तर? सिस्टरचं ते हसू बघून त्यांच्या जिवात जीव आला. कान वाईट झाले असते तर कोणी इतकं मोकळं हसलं असतं का? तेही हसले, दोन्ही कान तळव्यांनी जपत, मधेमधे उचक्या देत.

"उचकी!" बायको उठून जवळ आली. "हसताना उचकी लागते ती ह्यांनाच."

तरी तिची पुरती खात्री पटली नव्हती. निघताना तिने हेडमास्तरांची बाही घट्ट धरली आणि सर्जनना बजावलं, "सध्या घेऊन जाते. पण पटलं नाही तर परत आणून सोडीन."

खोलीत मेट्रन आणि सिस्टर दोघीच उरल्या.

"तुझं ट्रेनिंग आजपासून बंद," मेट्रन म्हणाली आणि निघून गेली.

सिस्टर घरी येऊन सासूबाईंसमोर बसली. "आई, काढून टाकलं की पास केलं, काहीच कळत नाही हो."

"तोंड कसं होतं त्यांचं?"

"तसंच."

सासूबाईंनी खूप विचार केला. "मग तू आपली जात राहा," त्या म्हणाल्या. "नको असशील तर सांगतील कोणीतरी."

ती गेली. युनिफॉर्म चढवला, ट्रॉली लावली. मेट्रन आली, तिने ट्रॉलीवरची एक कात्री उचलून सरळ ठेवली आणि म्हणाली, "तीन नंबरचे टाके काढायचेत. पेशंट फार घाबरलाय. तूच जा."