छोट्या कपांचा आवाज

माणसाने आयुष्यात एकच गोष्ट जिवापाड जपावी, ती म्हणजे आपली कला, असे कपांच्या कारखान्यातले कानसेन सर्वांना सांगत. त्यांची कला म्हणजे लाकडी काडीने कप वाजवून बघणे.

भट्टीतून आलेला कप खणखणीत वाजला की पास. बद्द वाजला की कुठेतरी केसाएवढा तडा. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना हे नाव पडले होते. गेले चार महिने मात्र कडक कॉफीचे ते चिमुकले कप त्यांना ऐकूच येत नव्हते. चहाचे मोठे मग ऐकू येत, छोट्यांचा बारीक आवाज तेवढा गायब. ते काडी मारत, जाणकारासारखी मान डोलवत आणि शंभरातले दोन अंदाजाने बाद करत. एकही बाद केला नाही तर संशय येईल ना.

घरी बायको सहज म्हणे, “बहिरे झालात की काय?” आणि ते घाईने विषय बदलत. निवृत्तीला तीन वर्षं होती. बहिऱ्या कानसेनाला कोण ठेवणार?

मंगळवारी पॅकिंगच्या काकूंनी त्यांचा खांदा हलवला. “किती हाका मारायच्या? साहेबांनी बोलावलंय. छोट्या कपांचं काहीतरी आहे. काय दिवे लावलेत?”

ते काडी घेऊन जिना चढले. साहेबांच्या टेबलावर सहा छोटे कप ओळीने मांडले होते.

“वाजवा बरं.”

पहिला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्यावर त्यांनी अशी काडी हाणली की कपाचा कानच तुटून टेबलाखाली गेला.

त्यांनी काडी खाली ठेवली. “साहेब, मला यांचा आवाज येत नाही. चार महिने झाले.”

“म्हणजे हे तपासलेलेच नाहीत?”

“नाही.”

साहेबांनी फाईल ओढली. कानसेनांनी डोळे मिटून घेतले.

“गेल्या वर्षी मगच्या तक्रारी दोनशे चौदा,” साहेब वाचू लागले. “बशांच्या नव्वद.”

“आणि छोट्यांच्या?”

“आजवर एकही नाही. म्हणून तर बोलावलं. यांची तपासणीच बंद करतोय, उद्यापासून तुम्ही फक्त मग वाजवा. बंद करण्याआधी म्हटलं, एकदा ऐकून तरी बघू.”

“पण तडे असतील, साहेब!”

“असू देत. लोक हे कप काचेच्या कपाटात मांडतात. त्यातून कॉफी कुणी पीत नाही.”