तिच्या खोलीचा ब्रेकर

गल्लीतली पोरं त्यांना फ्यूजकाका म्हणत आणि या नावाचा त्यांना मनस्वी राग होता. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या घरातले फ्यूज काढून ब्रेकर बसवले, त्याला फ्यूजकाका म्हणायचं म्हणजे काय! पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. बायकोसुद्धा रुसली की म्हणायची, "फ्यूजकाका, पान वाढलंय."

कामातून निवृत्त झाले तरी एक नेम त्यांनी सोडला नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा झाला की बाहेरच्या खोलीतल्या पेटीसमोर स्टूल ठेवायचं, वर चढायचं आणि घरातला एकेक ब्रेकर हातानं पाडून परत चढवायचा. "आत वायरीचं वेटोळं असतं," ते सुनेला सांगत. "करंट बेसुमार वाढला की त्याचं लोहचुंबक होतं आणि ते खटका ओढून पाडतं. पण खटकाच जाम होऊन बसला असेल तर..."

"तर चुंबक तरी काय करील बिचारं," सून वाक्य पुरं करायची. तिला सगळं तोंडपाठ झालं होतं. काका चिडायचे आणि आतल्या खोलीतून काकूंचं हसू ऐकू यायचं.

पुढे ते हसू खोकल्यात अडकायला लागलं. काकूंची फुप्फुसं दमत चालली होती. डॉक्टरांनी घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन लावायला सांगितलं. ते पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरत असे आणि त्याची नळी काकूंच्या नाकाशी.

एकदा सुनेनं त्याच खोलीत इस्त्री लावली. इस्त्रीची वायर कुरतडलेली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. फाडकन जाळ उडाला, ब्रेकर पडला आणि मशीन थांबलं. काकूंचे ओठ बघता बघता निळे पडले. सुनेनं इस्त्री ओढून काढली, काकांनी धावत जाऊन खटका वर केला, मशीन चालू झालं आणि काकू वाचल्या. सून बिचारी दिवसभर रडत होती. तिला कुणी एक शब्द बोललं नाही.

आता, एवढा मोठा शॉर्ट झाला की ब्रेकर नुसता चढवून भागत नाही, तो बदलायचा असतो. दुसऱ्या कुणाकडे असं झालं असतं तर काकांनी त्या माणसाला उभा सोलून काढला असता. त्यांनी नवा ब्रेकर आणलाही. दुकानदाराशी हुज्जत घालून निवडला. मशीन सुरू होताना क्षणभर फार करंट ओढतं, तेवढा झटका सोसणारा हवा. आणि वायरीला झेपेल त्यापेक्षा मोठा मात्र नको, नाहीतर वायर जळेपर्यंत तो ढिम्म बसून राहायचा.

"म्हणजे माझ्यासारखा," काकू म्हणाल्या होत्या. "तुमचं पहिलं ओरडणं सोसायचं आणि खरंच बिघडलं तर मात्र ऐकून घ्यायचं नाही."

पलंगाशी अडीअडचणीला ऑक्सिजनचा सिलिंडरही आणून ठेवला. सगळी तयारी झाली. आणि तो नवा ब्रेकर खोक्यासकट कपाटात पडून राहिला. कारण बदलायचा तर आधी मशीन बंद करायला हवं आणि ते आपल्या हातानं बंद करायचं. काकांचा हातच धजेना. रविवार आला की ते स्वयंपाकघराचा ब्रेकर पाडत, न्हाणीघराचा पाडत, मुलाच्या खोलीचा पाडत आणि स्टुलावरून उतरत.

अशाच एका रविवारी ते उतरले आणि आतून हाक आली, "अहो, इकडे या जरा."

काका दारात जाऊन उभे राहिले.

"माझा आवाज आला नाही," काकू म्हणाल्या. "सगळ्यांचे खटके ऐकू येतात मला. माझ्या खोलीचा गेले कित्येक महिने येत नाही."

"तुझा चांगला आहे."

"कशावरून?"

खटका पाडल्याशिवाय ते कळत नाही, हे त्या बाईला पुरतं माहीत होतं. इतकी वर्षं संसार काय उगाच केला होता?

"तू गेलीस तर?" काका म्हणाले. "माझ्या हातानं?"

काकूंनी दम घेतला. "आणि ही वायर पेटली तर? मला काय पळता येणार आहे? सूनबाई, तो सिलिंडर लाव गं मला."

सुनेनं नळी बदलली, सिलिंडरची चावी फिरवली आणि मान हलवली. मशीन नुसतंच घरघरत राहिलं. काका स्टुलावर चढले. डोळे मिटून त्यांनी खटका खाली ओढला.

मशीन थांबलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. बोट काढताच खटका आपोआप वर आला होता. त्यांनी परत ओढला, दाबून धरला. खोलीतली घरघर तशीच. त्या शॉर्टमध्ये ब्रेकरच्या आतली, करंट जोडणारी टोकं पोळली होती. त्यावर लगेच खटका वर केला तेव्हा मशीन सुरू होतानाच्या झटक्यानं ती एकमेकांना पक्की चिकटून बसली होती. आता कितीही करंट वाढू दे, चुंबक कितीही ओढू दे, हा ब्रेकर पडणार नव्हता. आपण तिला जपतोय असं समजून ते इतके महिने तिला उशाशी जाळ घेऊन निजवत होते.

"बाबा, काय झालं?" सुनेनं विचारलं.

काका स्टुलावरच मटकन बसले आणि रडायला लागले. लाज सोडून, लहान मुलासारखे.

"ते नंतर," आतून आवाज आला, "आधी बदला."

काकांनी नाक पुसलं. मेन बंद केला. सगळं घर एकदम मुकं झालं. पंखे थांबले, मशीन थांबलं. त्या शांततेत त्यांना बायकोचा श्वास ऐकू येत होता, खरखरीत पण चालू. त्यांनी टेस्टरनं तपासून घेतलं आणि जुना ब्रेकर उतरवला. काजळीचा वास आला. नवा बसवला, स्क्रू नीट आवळले, प्रत्येक वायर ओढून बघितली. मेन चढवला, मग तिच्या खोलीचा. मशीन घरघरायला लागलं. सून नळी बदलायला वाकली.

"थांब गं," काकूंनी तिचा हात धरला. "अहो, आता बंद करून दाखवा."

"आत्ताच तर बसवलाय!"

"म्हणूनच."

काकांनी खटका खाली ओढला. खट्‌ झालं. घरघर विरत गेली आणि खोली गप्प झाली. खटका खालीच राहिला. तेवढ्यात आतून, दोन श्वासांत तोडलेलं, ऐकू आलं.

"बघा. बंद झालं... आणि मी आहे."

काकांनी बोट लावून खटका वर केला.