तीन पंख्यांचे इंजिन

जन्मभर इतरांचे कपडे बेतणाऱ्या टेलरमास्तरांनी दुकान बंद केल्यानंतर मागच्या खोलीत, चारही भिंतींना लागून, जगात कोठेही अस्तित्वात नसलेली एक खेळण्याएवढी रेल्वे उभी केली होती. इंजिने मास्तरांनी जोडावीत आणि त्यांवरील क्रमांक पत्नीने कुंचल्याने रेखावेत, हा त्या कंपनीचा एकमेव नियम होता. परंतु कंपवाताने पत्नीचा उजवा हात ग्रासला होता. गोळीनंतर हात स्थिर राहण्याचा अवधी तासावरून वीस मिनिटांवर आला होता. नवे डिझेल इंजिन आज तिच्या हातून अंकित झाले नाही, तर पुढे होईल याचा भरवसा कोणी द्यावा?

छतावर तीन पंखे असलेले तसले लांब इंजिन विकत मिळत नव्हते. दोन पंख्यांची दोन सारखी इंजिने आणून, एकाचे निळे कवच दुसऱ्या पंख्याच्या मागे आणि दुसऱ्याचे त्याच पंख्याच्या पुढे कापावयाचे. मग एकाचे तोंड व दुसऱ्याची शेपटी जोडली की तीन पंखे होणार.

मास्तरांनी दोन्ही कवचे शेजारी बांधली, खूण केली आणि करवत फिरवली.

"अहो, गोळी घेतली बरं का मी! झालं का तुमचं?"

मास्तरांनी तुकडे जुळवले. पंखे दोनच! खालचा सांगाडा दोन बोटे उघडा राहिला.

"अगं, घात झाला! दोन्ही एकाच खुणेवर कापली."

"कापडाचे थर वाटले होय? धन्य आहे, मास्तर!"

"उरलेल्या तोंडातून पंख्याची पट्टी, छतासकट दोन्ही बाजूंची, कापून मध्ये घालतो. पण चिकटून वाळेपर्यंत..."

"तोवर माझा हात थांबणारे का? पट्टीच द्या इकडे. खिसा सदऱ्याला शिवायच्या आधीच त्यावर नाव काढायचात ना?"

मास्तरांनी जीव मुठीत धरून करवत चालवली. पट्टी हाती येईतो निम्मा वेळ सरला होता. पत्नीने श्वास रोखला. चार. एक. सात. अंक असे उमटले, जणू छापलेच!

मास्तरांनी पट्टी फिरवून दुसरी बाजू पुढे केली. कुंचला टेकताच हात थरथरला आणि पांढरा फराटा खालपर्यंत ओघळला.

"पुसा ना पटकन! अजून जमेल."

त्यांनी पुसले. पुन्हा फराटा. पुन्हा पुसले. तिसऱ्या वेळी कुंचलाच गळून पडला.

"उद्या काढू," मास्तर म्हणाले.

"हो. उद्या."

पंधरा वेळा उद्या उजाडला. सोळाव्या दिवशी मास्तरांनी पट्टी बसवून इंजिन रुळांवर ठेवले. क्रमांकाची बाजू खोलीकडे, कोरी बाजू भिंतीकडे. पत्नी खोलीच्या मधोमध खुर्चीत बसली होती. इंजिन तिच्याभोवती फिरू लागले.

"एकदा उलट तोंड करून चालवा की हो."

"आपल्या कंपनीत इंजिन वळवत नाहीत," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

मास्तरांनी वेग थोडा वाढवला.