वाचून दाखवलेलं

अंगठ्याच्या रेषा छपाईतही स्पष्ट उठल्या होत्या – मधला भोवरा, आणि त्याला छेदून गेलेली, कांद्याची पात कापताना विळा लागल्याची आडवी खूण… उज्वलाताईंनी मुद्रिताचा कागद चष्म्याजवळ नेला. सदतीस वर्षांनी तोच अंगठा टेबलावर आला होता. शेजारी चहा निवत होता, आणि पाचपर्यंत दुरुस्त्या कळवायच्या होत्या.

बायकांच्या त्या जुन्या मासिकातल्या निवेदनांचं आता पुस्तक निघत होतं. मासिकाचा नियम उज्वलाताईंनीच घातलेला – बाईने सांगायचं, आपण लिहायचं, लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं, आणि तिला पटलं तरच खाली अंगठा घ्यायचा. तिच्या तोंडात आपले शब्द कोंबायचे नाहीत! या नियमावर त्यांनी शिबिरं गाजवली, भाषणं केली, नाशिकच्या सभागृहांतून शाली मिळवल्या. कपाटभर शाली. थंडीत त्यातली एकही अंगावर घ्यावीशी वाटत नाही.

आणि हा अंगठा जिचा, ती फुलाबाई, उज्वलाताईंना आठवलं, सांगत होती ती देवळ्याला, आमच्याच कांदाचाळीत – ती आमच्याकडे कामाला. सांगता सांगता तिने अंगावर आलेल्या माणसाचं नाव घेतलं. रावजी. माझा दादा; ज्याने वडिलांशी भांडून मला नाशिकला कॉलेजात घातलं, सुटायला लागलेल्या एसटीच्या खिडकीतून डबा आत दिला… माझा हात थांबला नाही, हेच आज भयंकर वाटतं. थांबला असता तर निदान माणूस म्हणता आलं असतं. हाताने सफाईने लिहिलं, ‘एक अनोळखी ट्रकवाला’. मग नियमाप्रमाणे मी वाचून दाखवलं – कागदावर ट्रकवाला, तोंडाने रावजी. फुलाबाई डोळे मिटून ऐकत होती. “असंच झालं, ताई,” म्हणाली आणि तिने अंगठा उमटवला.

त्यावरून उज्वलाताईंची झोप कधी उडाली नाही. उडाली ती आज सकाळी, आणि तीही जागेपणी. पुस्तकाचं संपादन करणाऱ्या तेजलने देवळ्याला जाऊन फुलाबाईला शोधून काढलं होतं, आणि ती तिथूनच फोन करत होती. “ताई, ओळखा कोण आहे माझ्याशेजारी!” आणि तिने फोन दिला.

“ताई, तव्हा तुम्ही त्याचं नाव छापलं, माझं नाय छापलं. आता माझंबी घाला. मला आता भ्यायचं काय?”

“फुलाबाई, इतक्या वर्षांनी…”

“इतकी वर्सं त्याच्यावरच तर काढली. ते तव्हाचं पुस्तक मी पेटीत ठेवलंय, घरात कोणाला हात लावू दिला नाय. तो गल्लीतून जायचा तव्हा मी मान खाली घातली नाय. मनात म्हणायची, तुझं नाव छापलंय, साऱ्यांनी वाचलंय, कोणी बोलत नाय एवढंच. मेला तव्हा त्याच्या दारात जाऊन उभी राह्यले. कोणी हटकलं नाय. हटकतील कसे? साऱ्यांना ठावं होतं.”

कुणाला काही ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी दादा गेला तेव्हाची गोष्ट. मीच पदराने डोळे पुसत भाचीला म्हणाले होते, आपली जुनी कामवाली आहे गं, तिला चहा दे. तिने तो उभ्यानेच घोट घोट करून संपवला. केवढं मोठं मन, असं वाटून मी क्षमेवर एक लेखही लिहायला घेतला होता… चांगला जमत होता.

“पुढल्या रविवारी पुस्तकाच्या कार्यक्रमात माझी नात हे वाचणार हाय. निकिता. स्टेजवर. मी म्होरं बसून ऐकणार.”

एकच शब्द बदलायचा. पण जुना अंक तेजलकडे आहे. ती विचारणार, आणि मग सांगावं लागणार – नियम माझा, अंगठा तिचा, खोटं माझं. नाही बदलला, तर निकिता माईकवर ‘ट्रकवाला’ म्हणेल, आणि म्हातारी पहिल्या रांगेत… दादा तर गेला. त्याला आता कसली आच? मग मी वाचवतेय कुणाला? शालींना? फुलाबाईचं वय झालंय, रविवारला अजून आठ दिवस आहेत – असा विचार आला, आणि उज्वलाताई दचकल्या नाहीत. दचकल्या नाहीत याचंही त्यांना फारसं काही वाटलं नाही.

त्यांनी पेन्सिलीने एक वेलांटी दुरुस्त केली. फोनवर तेजलचा निरोप उमटला: ‘ताई, काही दुरुस्ती?’ साडेचार झाले होते.

एकदा वाचून बघावं. त्या दिवशी वाचलं तसं, मोठ्याने. घरात आहे कोण ऐकायला? त्यांनी घसा साफ केला. “मी पोती शिवत होते. तेवढ्यात मागून…” पुढे कागदावर ट्रकवाला. तो ओलांडून तोंडाने रावजी म्हणायचं. तेव्हा किती सहज आलं होतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“मी पोती शिवत होते. तेवढ्यात मागून दादा आला.”

आवाज मायेने भरून आला होता. शाळा सुटल्यावर फाटकापाशी तो उभा दिसला की यायचा तसा.